प्रतिसाद: एक्सएमएल फाइलवर विसंबू नये

वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीतून निर्यात केलेली एक्सएमएल फाइल जपून ठेवली की बॅकअप झाला, असे वर एका सदस्याने म्हटले आहे. त्याला थोडी पुस्ती जोडतो. त्या फाइलमध्ये लेख, प्रतिक्रिया आणि वर्गवारी असते, परंतु छायाचित्रांचे केवळ पत्ते असतात. नव्या ठिकाणी आयात करताना ही छायाचित्रे जुन्या संकेतस्थळावरूनच उतरवून घेतली जात असल्याने, तिथले होस्टिंग (संकेतस्थळासाठी घेतलेली सर्व्हरवरील जागा) बंद पडले असेल तर हाती फक्त मजकूर उरतो. माझ्या वडिलांच्या भटकंतीच्या ब्लॉगचे असेच झाले: ‘हा बुरुज पाहा’ हे वाक्य आहे आणि खाली रिकामी चौकट आहे. त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून छायाचित्रे असलेले ‘अपलोड्स’ फोल्डर आणि लेख-प्रतिक्रिया जिथे साठवल्या जातात त्या डेटाबेसची एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) स्वरूपातील प्रत दोन्ही घ्यावीत.

मराठी ब्लॉगसाठी खरी जोखीम पुनर्स्थापनेच्या वेळी असते. निर्यात किंवा आयात करताना अक्षरसंच (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-८ ऐवजी केवळ रोमन लिपीसाठीचा लॅटिन-१ धरला गेला, तर देवनागरीच्या जागी अगम्य लॅटिन चिन्हे किंवा प्रश्नचिन्हे दिसू लागतात. लॅटिन चिन्हे असतील तर मूळ मजकूर बहुधा परत मिळवता येतो. डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील तर मात्र मूळ अक्षरे कायमची गेलेली असतात. त्यामुळे जुने होस्टिंग चालू असतानाच आपल्या संगणकावर संपूर्ण ब्लॉग एकदा उभा करून, त्यातील सर्वांत जुना लेख प्रतिक्रियांसह वाचून पाहावा, ही कळकळीची विनंती.