छोटा कुत्रा घ्यायचाय : शिह त्झू, पग की पॉमेरेनियन? मदत हवी आहे

पारिजातक :
दोन खोल्यांचा फ्लॅट. सत्तरीच्या सासूबाई दिवसभर घरी, आम्ही दोघं नऊ-दहा तास बाहेर. त्यांच्या मांडीवर बसेल असा कुत्रा हवाय. तिघांत कमी कटकटीचं कोण? केस मशीनने उतरवून टाकले तर चालतं का? आणि एक जण दीड महिन्याचं 'टीकप पॉम' लगेच घेऊन जा म्हणतोय. घ्यावं का?

खारूताई :
शेवटच्याचं उत्तर आधी : नको. 'टीकप' नावाची जातच नाही. पूर्ण वाढलेला पॉम साधारण दीड ते सव्वातीन किलोचा असतो. त्याहून बारका म्हणून जे खपवतात ते बहुतेकदा अशक्त तरी असतं किंवा त्याचं वय तरी खोटं सांगितलेलं असतं. शिवाय आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांकडूनच शिकतं.

इवल्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा अगदी तुटपुंजा. एक जेवण चुकलं की झोकांड्या, थरथर, मग गळून पडणं. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा खायला द्यावं लागतं. असं झालंच तर साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा आणि तसंच डॉक्टरकडे न्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जातं.

पग घ्यायचा तर पिल्लू शांत असताना समोरून नाकपुड्या बघा. स्वल्पविरामासारख्या उघड्या दिसल्या तर ठीक. नुसती उभी चीर असेल आणि श्वास घेताना तीही आत ओढली जात असेल तर सोडून द्या. आईबापांपैकी एकाला तीन मिनिटं भराभर चालवायला सांगा आणि मग कान देऊन ऐका. ते घोरणं लोकांना गोड वाटतं, पण तो अरुंद नाकाचा आणि घशात लोंबणाऱ्या लांब टाळूचा आवाज आहे. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. ज्याला धापच धड टाकता येत नाही, तो उकाड्यात थोड्याशा पळापळीनेही कोसळू शकतो. शिह त्झूही चपट्या तोंडाचाच, त्यालाही हीच परीक्षा.

फणी_आणि_कात्री :
केसांचं मी सांगते. पॉमचे मशीनने उतरवू नका. आत लोकर, वर लांब केस अशी दुहेरी झूल असते. एकदा मुळापर्यंत उतरवली की काहींची महिनोन्महिने परत येत नाही, काहींची कधीच नीट येत नाही. शिह त्झूचे केस मात्र वाढतच राहतात, त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांनी आखूड कापलेले चालतात. तरी विंचरणं सुटत नाही.

बहुतेकजण वरवर ब्रश फिरवतात. मग वरून रेशीम, खाली नमदा! हाताने केस वर उचलून धरा, भांगासारखी कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून एकेक थर खाली सोडत स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने) विंचरा, शेवटी स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत घाला. फणी अडली तर गुंता आहे. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली हमखास सापडतो. तो आंघोळीच्या आधी सोडवायचा, कारण भिजला की आवळतो. गाठ कात्रीने उडवू नका. कातडी गाठीत ओढली गेलेली असते, ती कापली जाते.

पारिजातक :
म्हणजे शिह त्झू? पट्टा, दात वगैरे काय बघायचं?

खारूताई :
शिह त्झू, पण पिल्लू नको. दोन-तीन वर्षांचा, शी-शूची शिस्त लागलेला बघा. तीन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम तीन-चार तास लघवी धरता येते. दिवसभर त्याच्यामागे वाकणं सासूबाईंना झेपायचं नाही. पॉम मांडीसाठी तसाही नाजूक. सोफ्यावरून उडी मारून पुढचा पाय मोडणं त्या आकारात नेहमीचं आहे.

गळपट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता, फिरवताना हार्नेसच, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. छोट्या जातींची श्वासनलिका आधीच मऊ असू शकते, ओढ बसली की बदक ओरडल्यासारखा खोकला सुरू होतो. दात बेचाळीस आणि तोंड एवढंसं, त्यामुळे कीटण लवकर धरतं. कुत्र्यांच्याच पेस्टने रोज घासा, आपली चालत नाही. शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले, तेही रोज ओल्या कापसाने पुसा. डोळा मिचकावून बंद ठेवत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. बुबुळावरचा ओरखडा फार पटकन चिघळतो.

फणी_आणि_कात्री :
सासूबाईंना दोनच गोष्टी पक्क्या सांगा : द्राक्षं-मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण यातलं काही प्रेमानेही भरवायचं नाही. आणि हार्नेसला एक घुंगरू बांधा. कुत्रा पायात आला की त्यांना आधी ऐकू येईल.