लोत्रेकच्या रात्री: मजा की मजुरी?

शाईचा डाग
हल्ली कुठल्याही नव्या कॅफेत शिरलं की भिंतीवर 'मुलां रूज' या पॅरिसच्या नाचघराचं ते पोस्टर असतंच. पिवळे दिवे, पाय हवेत उडवणारी नर्तकी ला गुल्यू, पुढे करड्या सावलीसारखा तिचा जोडीदार वालांतँ. फ्रेंच चित्रकार तुलूज-लोत्रेकचं १८९१चं काम. या एका पोस्टरपायी लोकांनी त्याला पॅरिसच्या रंगेल रात्रींचा भाट करून टाकलाय, आणि मला ते साफ चूक वाटतं.

शिकागोच्या संग्रहालयातलं त्याचं 'मुलां रूजमध्ये' हे तैलचित्र (१८९२-९५) बघा. नाचघर आहे, नाच नाही. टेबलाभोवती टोप्या घातलेले पुरुष आणि नटलेल्या बायका बसल्यात, पण कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. मागे ला गुल्यू आरशासमोर केस सारखे करतेय. खुद्द लोत्रेक आपल्या उंच मामेभावाबरोबर मागून चाललाय, बुटका, तिऱ्हाइतासारखा. आणि उजव्या कडेला नर्तकी मे मिल्टनचा चेहरा: खालून उजेड पडून हिरवागार झालेला, चौकटीने अर्धवट तोडलेला. तो इतका अंगावर येतो की मधल्या काळात चित्राचा तेवढा भाग कापून वेगळा केला होता, पुढे परत जोडला. मौजमजेचं गुणगान करणारा माणूस असला चेहरा सगळ्यांत पुढे आणून ठेवेल? त्याने रंगवली ती मजा पुरवणाऱ्यांची मजुरी.

तिसरी घंटा
सपशेल असहमत. पोस्टर म्हणजे जाहिरात हो! नाचघर १८८९ला उघडलं, मालकाला गर्दी हवी होती, लोत्रेकने ती आणून दिली. तीनेक हजार प्रती पॅरिसच्या भिंतींवर लागल्या आणि पठ्ठ्या रातोरात प्रसिद्ध झाला. त्यात मजुरीचं भाष्य शोधायचं म्हणजे कमाल आहे.

मुळात बघायची गोष्ट वेगळीच आहे. ला गुल्यूचा पांढरा पेटीकोट बघा, तिथे शाईच नाही, नुसता कोरा कागद सोडलाय. मागचे प्रेक्षक म्हणजे एक सलग काळा पट्टा, टोपीच्या कडेवरून ओळखायचं कोण बाई आणि कोण बुवा. ही नजर जपानी छापचित्रांतून आली. शिळाछापात (दगडावरून छापायच्या तंत्रात) ब्रशने शाईचे बारीक तुषार उडवून तो पोत आणायचा. माणूस कारागिरीत रमलेला होता, आपण त्याला समाजसुधारक करतोय.

वायफळ
+१. हुसेननी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, त्यात कोणी आशय शोधत नाही. पॅरिस म्हटलं की लगेच दुःख दिसायला लागतं!

कोरा कागद
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. लोत्रेक दक्षिण फ्रान्समधल्या आल्बीच्या जुन्या उमराव घराण्यातला. घरून पैसे यायचे. तो त्या बायकांकडे गिऱ्हाईक म्हणून जात होता, हे सोयीस्कर विसरायचं का? १८९४चं 'र्यू दे मुलां' (पॅरिसमधल्या एका गल्लीचं नाव) हे चित्र आठवा: कुंटणखान्यातल्या दोघी अंगावरचा शेमीज वर धरून वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभ्या आहेत. पोलिसदप्तरी नाव असलेल्या बायकांना ही तपासणी चुकवता येत नव्हती. तिथे चित्रकार बसलेला त्यांना आवडला की नाही, कोणी विचारलं असेल?

त्याची करुणा आपण त्याच्या पायांवरून ठरवतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, पाय वाढले नाहीत, म्हणून तो आपोआप सहृदय! हे कुठलं गणित?

शाईचा डाग
पायांचं मी कुठे बोललो? चित्रांवरच बोलू. १८९६ला त्याने 'एल' नावाची शिळाछापांची मालिका काढली, त्याच कुंटणखान्यांतल्या बायकांची. कोणी केस विंचरतेय, कोणी टबात अंग धुतेय, कोणी अंथरुणातून उठलेलीच नाही. चावट काही मिळेल म्हणून बघायला आलेल्यांची निराशा झाली आणि मालिका विकलीच गेली नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेतून काढली असती तर हातोहात खपली असती.

आणि १८९५ला ला गुल्यूने मुलां रूज सोडून जत्रेत स्वतःचा तंबू टाकला, तेव्हा तिने आपणहून पत्र पाठवून याच्याकडे दर्शनी पडदे मागितले. त्याने दोन मोठे पडदे रंगवून दिले, एकावर प्रेक्षकांत ऑस्कर वाइल्डची पाठमोरी आकृती घातली. (पुढे एका विक्रेत्याने त्याचे तुकडे केले. जोडलेले पडदे आज ओर्से संग्रहालयात आहेत.) बायांना तो इतका नकोसा असता तर तिने दुसरा कोणी गाठला नसता?

कोरा कागद
ला गुल्यू नावाजलेली होती, ती मागू शकत होती. गायिका इव्हेत गिल्बेरही नावाजलेली, म्हणून तर १८९४ला त्याला लिहू शकली की देवाशपथ, मला इतकी भयंकर कुरूप काढू नका. 'दिव्हां जापोने' या गाण्यांच्या कॅफेच्या पोस्टरवर तर त्याने रंगमंचावरच्या गिल्बेरचं डोकंच कागदाबाहेर ठेवलं!

तिसरी घंटा
आणि तरी नुसत्या काळ्या हातमोज्यांवरून अख्ख्या पॅरिसने तिला ओळखलं. याहून मोठी दाद कुठली? त्याच वर्षी तिच्यावरचा त्याचा शिळाछापांचा अल्बम निघाला, तेव्हा शंभर प्रतींवर तिनेच सह्या केल्या. कुरूप म्हणून तक्रार, पण सही ठोकली.

शाईचा डाग
त्याच पोस्टरवर पुढे कोण बसलंय तेही बघा. जान आव्रील, स्वतः नर्तकी, पण इथे काळा पोशाख घालून प्रेक्षकांत. दुसरीचं काम बघतेय. माझा मुद्दा याहून स्पष्ट मला मांडता येणार नाही.

कोरा कागद
सही अल्बम खपावा म्हणूनही होते. आव्रील, गिल्बेर, ला गुल्यू, तिघींच्या नावावर तिकिटं विकली जात होती. तपासणीच्या रांगेतल्या दोघींच्या चित्राला मात्र नाव गल्लीचं आहे. त्यांच्याबद्दल तुम्ही दोघांनीही अजून काही उत्तर दिलेलं नाही.