‘इन्व्हिन्सिबल’ : अजिंक्य, अजेय की अपराजित?

प्रश्न : नागपुरातील आमच्या क्रिकेट मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी डॉन ब्रॅडमन यांच्या १९४८ सालच्या ऑस्ट्रेलियन संघावर लेख लिहिला आहे. इंग्लंडच्या त्या दौऱ्यात हा संघ ३४ सामने खेळला, त्यांपैकी २५ जिंकला, ९ अनिर्णित राहिले आणि एकही हरला नाही, म्हणून त्याला ‘इन्व्हिन्सिबल्स’ म्हणतात. मी ‘अजिंक्य’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘अपराजित’ केले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्या संपादकांनी केलेला बदल क्षुल्लक नाही. ‘अपराजित’ म्हणजे जो आजवर हरलेला नाही. ते घडून गेलेल्या गोष्टीचे निवेदन आहे. ‘अजिंक्य’ म्हणजे ज्याला जिंकणे शक्यच नाही. हा पुढच्या काळालाही बांधून घेणारा दावा आहे. लॅटिनमध्ये हे दोन अर्थ दोन वेगळ्या शब्दांनी दाखवले जात. रोमन सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४ मध्ये ज्या सूर्यदेवाचे मंदिर उभारले, त्याच्या नावातील ‘इन्व्हिक्टस’ हे ‘अपराजित’सारखे भूतकाळवाचक रूप आहे, तर ‘इन्व्हिन्सिबिलिस’ हे शक्यतेचा नकार सांगणारे. इंग्रजीने पंधराव्या शतकात फ्रेंचमार्गे घेतला तो हा दुसरा शब्द.

या दाव्याचे इंग्रजीत पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १५८८ साली इंग्लंडवर चालून आलेल्या सुमारे १३० जहाजांच्या स्पॅनिश आरमाराला स्पेनमध्ये ‘थोर आणि परमभाग्यशाली’ अशा अर्थाचे नाव होते. इंग्रजी लेखनात त्याच्यामागे ‘इन्व्हिन्सिबल’ हे विशेषण रुजले, ते त्याची वाताहत झाल्यावर, उपहासाने. १७४७ मध्ये ब्रिटिशांनी याच नावाची फ्रेंच युद्धनौका लढाईत पकडली आणि तिचे नाव न बदलता तिला आपल्या नौदलात घेतले. त्याच नावाची पुढची एक ब्रिटिश युद्धनौका ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत स्फोट होऊन बुडाली, आणि तिच्यावरील हजाराहून अधिक माणसांपैकी केवळ ६ वाचली. ते वाचताना हे विशेषण किती जपून वापरावे, हे मनाला फार लागते.

आपल्याकडेही असेच उदाहरण आहे. साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने १७०० साली घेतला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले. मराठ्यांनी तो परत मिळवल्यावर ताराराणींच्या काळात त्याला अजिंक्यतारा हे नाव मिळाले. म्हणजे एकदा जिंकला गेलेल्या किल्ल्याला ‘अजिंक्य’ म्हटले गेले. येथे मात्र उपहास नाही, निर्धार आहे. हा शब्द वस्तुस्थिती सांगण्यापेक्षा इच्छा आणि अभिमान सांगण्यासाठी अधिक वापरला जातो, असे माझे मत आहे.

‘इन्व्हिन्सिबल’ या शब्दाचा एक वेगळा उपयोग ख्रिस्ती धर्मशास्त्रात आहे. प्रामाणिक प्रयत्न करूनही जे दूर करता येत नाही आणि म्हणून ज्याचा दोष माणसाला लागत नाही, अशा अज्ञानाला तेथे हेच विशेषण लावतात. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याची चर्चा केली आहे. तेथे ‘अजिंक्य अज्ञान’ असा अनुवाद केल्यास वाचक गोंधळेल. ‘दुर्निवार’ हा शब्द अधिक जवळचा आहे.

प्रतिप्रश्न : ‘अजिंक्य’ हा शब्द संस्कृतात नाही, तेव्हा ‘अजेय’ हाच शुद्ध मानावा काय?

उत्तर : संस्कृतात ‘जिंक्’ असा धातू नाही, हे खरे. मराठीतील ‘जिंकणे’ला मागे ‘अ’ आणि पुढे ‘य’ लावून आपण हा शब्द घडवला. तो मराठीचा स्वतःचा आहे, आणि त्यामुळे तो अशुद्ध ठरत नाही. उलट ‘अजेय’बद्दलच अधिक विचार करावा लागेल. पाणिनीने ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’ या सूत्रात (६.१.८१) सांगितले आहे की, जिंकता येण्यासारखा तो ‘जय्य’, तर ‘जेय’ म्हणजे जिंकण्यास योग्य, ज्याला जिंकले पाहिजे तो. या काटेकोर भेदाने पाहिले तर ‘इन्व्हिन्सिबल’चा नेमका संस्कृत प्रतिशब्द ‘अजय्य’ होतो. मराठीत ‘अजेय’ रूढ झाला आहे आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, पण शुद्धतेच्या नावाखाली त्याने ‘अजिंक्य’ला बाजूला सारू नये.

खेळाच्या संदर्भात मराठीने ‘अजिंक्य’चा अर्थ आणखी सौम्य केला आहे. ‘अजिंक्यपद’ म्हणजे त्या वर्षीचे विजेतेपद, इतकेच. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे त्यात गृहीत असते. २०२४-२५च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना येथे जामठ्याच्या मैदानावर झाला, तेव्हा तो अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाला अजिंक्यपद मिळाले. त्या सामन्यात केरळही अपराजितच राहिला होता, तरी अजिंक्यपद एकाचेच झाले. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी का वापरू नयेत, याचे इतके जवळचे उदाहरण नागपूरकरांना दुसरे शोधावे लागणार नाही.

तेव्हा आपल्या लेखात ब्रॅडमन यांच्या संघाचे उपनाव म्हणून ‘अजिंक्य’ अवतरणचिन्हांत ठेवावे, कारण उपनावात गौरवाला जागा असते. आणि ३४ सामन्यांचा हिशेब सांगणाऱ्या वाक्यात संपादकांचा ‘अपराजित’ तसाच राहू द्यावा.