लॉर्ड वेलस्ली: आयर्लंडात उदार, आपल्याकडे तैनाती फौजवाला. नुसता व्हिलनच का?

कट्टेकरी: शाळेत वेलस्ली म्हणजे तैनाती फौज, दोन मार्कांची टीप, विषय संपला. पण हा रिचर्ड वेलस्ली मुळात आयर्लंडातला सरदारपुत्र, जन्म १७६०, काउंटी मीथमधलं डंगन कॅसल हे घराण्याचं ठिकाण, बाप संगीतात बुडालेला आणि गेला तो पोराच्या डोक्यावर कर्ज ठेवून. विशीत आयरिश पार्लमेंटात. पुढे १८२१ ला आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे तिथला ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी, झाला तेव्हा कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूने होता, आणि डब्लिनमध्ये प्रोटेस्टंटांचा लाडका राजा किंग विल्यम ह्याच्या पुतळ्याची दरवर्षीची सजावट त्याच्या राजवटीत बंद पाडली म्हणून ऑरेंजवाले (कट्टर प्रोटेस्टंट संघटनेचे लोक) एवढे भडकले की १८२२ च्या डिसेंबरात नाटक बघायला गेलेल्या ह्याच्या दिशेने थेट बाटली भिरकावली. माझं म्हणणं एवढंच की माणूस पूर्ण बघा.

खवचट_काका: बघितला की पूर्ण! स्वतः कलकत्त्यात गव्हर्नर जनरल, एक भाऊ आर्थर असईला शिंद्यांशी लढतोय, दुसरा भाऊ हेन्री अवधच्या नवाबाकडून काढून घेतलेल्या मुलखाचा कारभार बघतोय. घराणेशाही म्हणून आपण उगाच आपल्याच पुढाऱ्यांना नावं ठेवतो. डब्लिनात एका पुतळ्याचे हार रोखले म्हणून वसईचा तह माफ होतो का राव?

भटकी_मुंगी: तह त्याने बाजीरावाच्या गळ्यात जबरदस्तीने नाही बांधला हो. विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी कोणी दिलं? मग त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला, १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला पेशव्यांचा धुव्वा उडाला आणि रावबाजी पळत पळत वसईला. ३१ डिसेंबरला सही. सहा हजारांची फौज आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख, हे आपल्याच धन्याने कबूल केलं.

खवचट_काका: घर आपण पेटवलं हे मान्य, पण शेजारी काय पाणी घेऊन आला होता? कंपनीच्या डायरेक्टरांनासुद्धा हा माणूस झेपला नाही, लढायांवर पैसा ओतून कर्ज फुगवलं, शेवटी १८०५ ला परत जावं लागलं. आणि मिजास बघा, टिपू पडल्यावर मार्क्विस केलं तर ते आयरिश मार्क्विसपद, इंग्लिश नाही, म्हणून पंतप्रधान पिटला कुरकुरत लिहितो की हा तर सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा (बटाटा म्हणजे आयरिशांचं रोजचं खाणं)! ज्या आयर्लंडसाठी तुम्ही ह्याचे गोडवे गाताय तिथली पदवी ह्याला हलकी वाटत होती.

कट्टेकरी: बटाट्यावर माझ्याकडे उत्तर नाही 😄 पण श्रीरंगपट्टणच्या लुटीतला एक लाख पौंडांचा वाटा नाकारणारा पण हाच. आणि १८०० ला काढलेलं फोर्ट विल्यम कॉलेज? तिथे विल्यम कॅरी हा मिशनरी मराठी शिकवायचा, त्याचं मराठी व्याकरण १८०५ ला छापून आलं.

भटकी_मुंगी: ते साहेबांच्या पोरांना मुलूख चालवता यावा म्हणून होतं, आपल्यासाठी नाही, इथे मी काकांच्या बाजूने. बाकी कॅथलिकांचं म्हणाल तर १८२८ ला धाकटा भाऊ, तोच असईवाला आर्थर, इंग्लंडात पंतप्रधान झाला, तो विरोधात म्हणून ह्याने राजीनामा दिला, आणि पुढच्याच वर्षी त्याच भावाने कॅथलिकांना हक्क देणारा कायदा पास करून घेतला. श्रेय तिथेही धाकट्यालाच.