मदत हवी आहे : मुलीचा पाय आऱ्यात गेला, तरी दोघांना सायकलवरूनच शाळेत न्यायचंय (सोलापूर)

जुळे सोलापूरची आई

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगा साडेआठ वर्षांचा, मुलगी नुकतीच चारची झाली. शाळा दोघांची एकच, घरापासून अडीच किलोमीटर. जूनपासून मी दोघांना सायकलवरून नेते-आणते. मुलगा त्याच्या सायकलवर, मुलगी माझ्या मागे कॅरिअरवर, खाली चादरीची घडी बांधून. आधी रिक्षा होती, पण तीत पोरं इतकी कोंबलेली असायची की मुलगा घरी आला की तासभर बोलायचा नाही. सायकलवर वाटभर दोघांचं तोंड चालू असतं. बाभळीवर लटकलेली सुगरणीची घरटी त्यांनीच मला दाखवली.

मागच्या मंगळवारी येताना, वळणावर, मुलगी भावाला काहीतरी दाखवायला मागे वळली आणि तिचा उजवा पाय आऱ्यात गेला. वेग अगदी कमी होता. सँडलचा पट्टा अडकून चाक थांबलं म्हणून निभावलं. टाचेच्या वरची कातडी सोलली गेली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे. पण तिची ती किंकाळी अजून माझ्या कानातून जात नाही.

सासूबाई म्हणतात पुन्हा रिक्षा लावा, हे म्हणतात स्कूटी घेऊ. मला सायकल सोडायची नाहीये, पण आता नीट सोय केल्याशिवाय पोरीला मागे बसवणारही नाही. म्हणून विचारते. मागे नेमकं काय बसवून घेऊ? इथे दुकानात लोखंडी कडीची छोटी सीट मिळते, ऑनलाइन पाठीची मोठी प्लास्टिकची दिसते, ती बरीच महाग आहे. घ्यावी का?

दुसरा त्रास पंक्चरचा. दिवाळीपासून सात वेळा, दर वेळी मागचंच चाक. दुकानात ठिगळ लावून देतात आणि ‘काटा होता ताई’ म्हणतात. टायर २६ × १.९५ चं आहे.

मुलाची १६ इंची सायकल आता लहान पडते. उंची १२५ सेंटिमीटर. दुकानदार म्हणतात थेट २४ ची घ्या, चार वर्षं बघायला नको.

आणि रस्ता. बहुतेक वाट आतल्या गल्ल्यांची आहे, पण शेवटचा अर्धा किलोमीटर विजापूर रोड टाळता येत नाही. तिथे मुलाला पुढे ठेवायचं की मागे? आत्ता तो माझ्या मागे येतो आणि मी दर दहा सेकंदांनी मान वळवते.

परिचारिका

ताई, आधी पायाचं बोलते. ड्रेसिंगच्या खोलीत मी बरीच वर्षं काढलीत. आऱ्यातली जखम पहिल्या दिवशी दिसते त्यापेक्षा खोल असू शकते, कारण कातडी नुसती सोलत नाही, आरे आणि फ्रेम यांच्यामध्ये चिरडली जाते. रक्तपुरवठा तुटलेला भाग दोन-चार दिवसांनी काळा पडतो. म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर थांबू नका, ड्रेसिंगच्या प्रत्येक फेरीला डॉक्टरांना टाचेची मागची बाजू नीट बघायला सांगा. बसताना पाय उशीवर उंच ठेवा. सूज वाढली, वास आला, ताप आला तर त्याच दिवशी गाठा. धनुर्वाताच्या लसीचं कार्ड बरोबर न्या. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

आता सीट. कडीच्या सीटला पाय ठेवायला जागा नसते, आणि मूल पडतं त्यापेक्षा त्याचा पाय अडकण्याचीच भीती जास्त. मोठी सीट घ्या, पण तीन गोष्टी बघून : दोन्ही पायांना खोलगट पन्हळ्या आणि वर पट्टा, खांद्यांवरून येणारा बेल्ट, आणि डोक्यापर्यंत पाठ. अशा मागच्या सीटवर साधारणपणे २२ किलोपर्यंतची मर्यादा लिहिलेली असते. सीट कॅरिअरवर बसणारी असेल तर कॅरिअरवर कोरलेला आकडाही वाचा. सीटचंच वजन तीन-चार किलो असतं, ते मुलीच्या वजनात मिळवून मग हिशेब करा.

एक कळकळीचं सांगते. मुलीला सीटवर ठेवून सायकल स्टँडवर सोडून क्षणभरही बाजूला जाऊ नका. मूल उंचावर, बेल्टने बांधलेलं, आणि सायकल आडवी होते. डोकं आधी आपटतं. आधी तिला उतरवा, मग पिशवी, मग कुलूप.

जुना मिस्त्री

आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, मी शाळेत असल्यापासून ठिगळं लावलीत, म्हणून लिहितो.

सीट येईपर्यंत आणि आल्यावरही मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या. पूर्वी लेडीज सायकलला साडी अडकू नये म्हणून असायची तीच. कॅरिअरपासून खाली आखापर्यंत आरे झाकले गेले पाहिजेत. कुठल्याही दुकानात करून देतील, फार खर्च नाही.

आता पंक्चर. एकाच चाकाला सात वेळा, आणि दर वेळी काटा? मला पटत नाही. तुम्ही एक करा. पुढच्या वेळी ट्यूब बाहेर काढण्याआधी वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) जागी टायरवर खडूने खूण करा. मग ट्यूबला हवा भरून बादलीत बुडवा आणि भोक कुठल्या अंगाला आहे ते बघा.

रस्त्याच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर काटा, तार किंवा काच. खडूच्या खुणेवरून टायरवर तीच जागा शोधा आणि आतून बोट हळूच फिरवा. काट्याचं टोक मोडून टायरमध्येच राहिलेलं असतं, ते न काढता ठिगळ लावलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आपल्याकडे दोन बदमाश आहेत. एक वेडी बाभूळ, तिचा काटा सरळ आत शिरतो. दुसरा सराटा. पावसाळ्यानंतर मोकळ्या मैदानात जमिनीवर पसरतो, बी वाळून खाली पडलं की कसंही पडो, एक काटा वर असतोच. पोरांना मैदानातून शॉर्टकट मारू देऊ नका.

शेजारी शेजारी दोन भोकं, सापाने चावल्यासारखी, असतील तर हवा कमी होती. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर रिमने ट्यूब चेचली.

आणि भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर काट्याचा संबंधच नाही. रिमपट्टी (रिमच्या आत आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी) सरकली किंवा कुजली, आऱ्याचं टोक किंवा भोकाची कड ट्यूबला घासते. वॉलच्या मुळाशी फाटलं असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतंय आणि ट्यूब ओढली जातेय.

हवा अंगठ्याने दाबून बघू नका. मीटरवाला पंप घ्या. टायरच्या कडेला किमान आणि कमाल पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं. मागे पोरगी बसते म्हणजे मागच्या टायरला कमाल आकड्याच्या जवळपास ठेवा, पुढे थोडी कमी चालते. ट्यूबमधून हवा तशीही झिरपत असते, आठवड्यातून एकदा बघाच. पेट्रोल पंपावर भरताना जपून, तिथली हवा मोटारीच्या टायरच्या हिशेबाने येते, सायकलचं टायर काही सेकंदांत फुगून फुटतं. पोराची सायकल तर तिथे नेऊच नका.

ट्यूब नवीन घेताना नुसतं ‘२६ ची द्या’ म्हणू नका. तुमच्या टायरवर बारीक अक्षरात, मध्ये रेघ असलेला जोडआकडा दिसेल, त्यात ५५९ असेल (रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये). जुन्या लेडीज सायकलचं २६ × १ ३/८ वेगळं, त्याचा आकडा ५९०. दोघांना २६ च म्हणतात. ती बारीक ट्यूब तुमच्या रुंद टायरमध्ये घातली तर ताणून पातळ होते आणि लवकर फुटते.

रोजचा फेरा

२४ ची घेऊ नका. १२५ सेंटिमीटरला २० चीच. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत आरामात पोचली पाहिजेत. मोठ्या सायकलवर मूल सरळ रस्त्यावर छान दिसतं, अचानक थांबायची वेळ येते तेव्हा आडवं होतं. दोन वर्षांनी ती बहिणीकडे जाईल, पैसे फुकट नाहीत.

रस्त्यावर मूल नेहमी पुढे. तुम्ही त्याच्या मागे, एक सायकल अंतर ठेवून, आणि त्याच्यापेक्षा हातभर उजवीकडे. म्हणजे मागून येणारी गाडी तुम्हाला वळसा घालते, तो आपोआप आत राहतो. तुम्हाला तो सतत दिसतो, मान वळवायची गरजच नाही. मी माझ्या पुतण्याला असंच दोन वर्षं होटगी रोडने नेलं. शब्द आधी ठरवून घ्या : ‘डावीकडे’, ‘हळू’, ‘थांब’. तीनच. लांब वाक्य गाडीच्या आवाजात पोचत नाही.

विजापूर रोडवर नेण्याआधी एक सराव घ्या. मोकळ्या मैदानात पांढऱ्या पट्टीवरून त्याला सायकल चालवू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा आणि बोटं वर करा. त्याने मागे बघून ‘तीन’, ‘पाच’ असं सांगायचं, पट्टी न सोडता. लहान मुलं मान फिरवतात तिकडे हँडलही फिरवतात, सगळा धोका त्यातच आहे. दहापैकी दहा वेळा जमलं की मगच मोठा रस्ता. चौक मात्र उतरून, सायकल हातात धरून, पायी ओलांडा. त्यात कमीपणा नाही.

उसाचा हंगाम चालू असेपर्यंत दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरशेजारून कधीच जाऊ नका. वळताना दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा आत कापते आणि चालकाला ती बाजू दिसत नाही. थांबा, जाऊ द्या.

जुळे सोलापूरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

पायाचं ताईंनी सांगितलं ते खरं निघालं. चौथ्या दिवशी टाचेच्या कडेला रुपयाएवढा भाग काळपट झाला. डॉक्टरांना मी स्वतःहून दाखवला. त्यांनी ड्रेसिंग बदललं, लक्ष ठेवायला सांगितलं. आता खालून गुलाबी कातडी येतेय. तुम्ही लिहिलं नसतं तर पट्टीखाली आहे म्हणून मी बघितलंही नसतं.

मिस्त्रीकाका, रविवारी यांना बरोबर घेऊन मागची ट्यूब काढली. सात ठिगळांपैकी पाच रिमच्या अंगाला! रिमपट्टी एका बाजूला सरकलेली होती आणि आऱ्यांची चार टोकं उघडी. नवीन कापडी पट्टी टाकली, योग्य ट्यूब घातली. बाकी दोन ठिगळांच्या जागी टायरमध्ये एक बाभळीचं टोक खरंच अडकलेलं होतं, पकडीने काढलं. मुलाने तो काटा काडेपेटीत जपून ठेवलाय.

जाळी बसवली. सीट मागवली, २२ किलोची. मुलगी १५ ची आहे. दोघांना हेल्मेट घेतली. बोटांच्या सरावात मुलगा पहिल्या दिवशी दहापैकी चार वेळा पट्टीवर राहिला, काल आठ.

दोन शंका राहिल्या. मार्चपासून सकाळची शाळा, सुटते साडेअकराला, आणि सायकल तोवर उन्हात उभी. हवा कमी भरून ठेवावी का? हे म्हणतात उन्हाने टायर फुटतं. आणि हेल्मेट मुलीच्या कपाळावरून मागे सरकतं.

जुना मिस्त्री

हवा कमी करू नका, पुन्हा सापाची भोकं पडतील. सकाळी २५ अंशांना ४५ पीएसआय भरली आणि चाक ४५ अंशांपर्यंत तापलं तरी दाब चारेक पीएसआयने वाढतो, चांगलं टायर ते सहज सोसतं. उन्हात फुटतं ते कडेला चिरलेलं, जुनं टायर, किंवा आधीच कमाल आकड्याच्या वर भरलेलं. उन्हाने रबर मात्र वाळतं आणि ठिगळाचं सोल्युशन सुटतं. सावलीत लावता आली तर लावा, आणि टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या की बदला.

परिचारिका

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर, आडवं बसलं पाहिजे. कानाखाली दोन्ही पट्ट्यांचा ‘व्ही’ जुळवा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच सैल ठेवा, आणि मागची चकती फिरवून घट्ट करा. वेणी किंवा बो मागे उंच बांधला असेल तर तो खाली घ्या, बहुतेक त्यानेच सरकत असेल. बेल्टचं बक्कल उन्हात तापतं, तिला बसवण्याआधी हात लावून बघा. आणि टाच पूर्ण भरेपर्यंत तो पाय पट्ट्यात घट्ट बांधू नका, अजून आठ-दहा दिवस थांबा.

जुळे सोलापूरची आई

वेणीच होती. खाली बांधली, आता बसतंय. टाच भरेपर्यंत मी मुलालाच घेऊन जाते, तो पुढे, मी मागे.