जुन्या इंग्रजीतला 'नाइस' मराठीत कसा आणावा? मदत हवी आहे

१८व्या शतकातल्या एका इंग्रजी निबंधाचं भाषांतर करतेय आणि 'नाइस'पाशी अडलेय. मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत आला तो 'मूर्ख' या अर्थाने! पुढे चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म असे अर्थ आले; 'छान' हा १८व्या शतकात रुळला.

'नाइस डिस्टिंक्शन'ला 'सूक्ष्म भेद' केलंय, तिथे शंका नाही. अडचण 'अ व्हेरी नाइस मॅन'ची आहे. आगेमागे खुलासा नाही आणि त्या काळी दोन्ही अर्थ चालत. ऑक्सफर्डचा मोठा कोश पाहिला, पण निवड ठरेना. तळटीप देता येणार नाही. 'चोखंदळ' की 'सालस', हे वाक्यातल्या कोणत्या खुणांवरून ठरवावं?