मदत हवी आहे: जुन्या शर्मन टँक किटचे ट्रॅक कसे जोडू?

मंडळी, काकांनी इंग्लंडहून आणलेलं १/७६ स्केलचं (खऱ्याच्या ७६ पट लहान) शर्मन रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलचं किट माळ्यावर सापडलं, अर्धवट जोडलेलं, आणि आता ते पूर्ण करायचंच आहे. प्रॉब्लेम ट्रॅकचा, म्हणजे चाकांभोवतीच्या पट्ट्यांचा आहे. ते मऊ पॉलिथिनचे आहेत आणि त्या प्लास्टिकला साधं किटचं सिमेंट धरतच नाही, कारण ते सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं. काका स्क्रूड्रायव्हरचं टोक गॅसवर तापवून ट्रॅकच्या टोकाच्या त्या बारीक खुंट्या चपट्या करायचे, तो वास अजून आठवतो! पण आता ट्रॅक कडक झालेत, गरम पाण्यात टाकून मऊ होतील का? की दोऱ्याने शिवून जोड आतल्या बाजूला लपवू? रंगाचं पण सांगा, वाकवलं की पोपडे निघतात, खाली कुठला प्रायमर मारता?

डीकल्स (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) पिवळी पडलीत, ती खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवलीत, तेवढं जमेल.

१/३५ चे नवे ट्रॅक घ्या असं प्लीज सांगू नका, ते या स्केलला बसणारच नाहीत. पूर्ण झालं की नगरच्या टँक म्युझियमला काकांना घेऊन जायचंय, त्यांच्या हातात हे देऊन. कोणी केलं असेल तर फोटोसकट सांगा ना.